फोक फेस्टिवल : स्टेज बंद झाल्यावरचं गाणं हल्ली असं का झालंय?

उत्तररात्र

मंडळी, एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे फोक फेस्टिवलला नेमाने जाणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो. मी ज्या फेस्टिवलला दरवर्षी जातो तिथले दिवसाचे कार्यक्रम मी अर्धेमुर्धेच ऐकतो, खरं तर जातो ते रात्री स्टेज बंद झाल्यावर जे गाणं सुरू होतं त्याच्यासाठी. माइक नाही, लाइट नाही, कोणीतरी कोपऱ्यातून पहिली ओळ उचलायची, दुसऱ्या ओळीला ओळखणाऱ्यांच्या माना हलायला लागतात आणि ध्रुवपद आलं की अख्खी खोली ते उचलून धरते. ज्याने सुरू केलं त्याला तेवढ्यात दम खायला मिळतो, कारण झील धरायला तीसचाळीस गळे तयार असतात.

आता गेल्या काही वर्षांत काय झालंय ते सांगतो. गिटार आल्या, आधी एक, मग चार. प्रत्येकाच्या हातात शब्दांसाठी फोन. पाळी ठरलेली, गोल फिरत येते, त्यामुळे जो तो आपला नंबर लागेपर्यंत आपलंच गाणं फोनवर चाळत बसतो आणि गाऊन झालं की थोड्या वेळाने हळूच काढता पाय घेतो. स्वतः रचलेली गाणी खूप, त्यात एक तर ध्रुवपद नसतं, नाहीतर असतं पण दर खेपेला शब्द वेगळे, मग बाकीच्यांनी तोंड उघडायचं तरी कधी. आणि एक दीड वाजला की सामसूम, पूर्वी बाहेर उजाडायला लागलं की लोक नाइलाजाने उठायचे.

मला "आमच्या वेळी असं नव्हतं" छाप रडगाणं गायचं नाहीये, नवीन लोक येतायत हे चांगलंच आहे, न आले तर दहा वर्षांनी खोलीत आम्ही पाच जण आणि आमच्या गुडघ्यांच्या गोळ्या एवढंच उरेल. पण हे फक्त आमच्याकडे झालंय का सगळीकडे? आणि ह्यातलं नेमकं कशामुळे बाकीचं सगळं बदललं, गिटार, फोन, वय की आणखी काही? कोणी काही करून बघितलं असेल तर तेही लिहा.

खर्जातला

सगळ्यात आधी एक सांगा, खोली तीच आहे का? मी पैज लावतो की नाही.

माझा अनुभव असा की लोक गिटारला शिव्या घालतात आणि गुन्हेगार निघते जागा. बैठक लोकप्रिय झाली की आयोजक तिला छोट्या खोलीतून मोठ्या हॉलमध्ये नाहीतर तंबूत हलवतात, हेतू चांगलाच असतो, पण आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो हे कोणी लक्षात घेत नाही. छोट्या खोलीत समोरचा माणूस तीन मीटरवर, म्हणजे त्याचा आवाज तुमच्यापर्यंत 9 मिलिसेकंदांत पोचला. वीस मीटरच्या तंबूत या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचायला जवळजवळ 60 मिलिसेकंद लागतात, आणि एकत्र गाणाऱ्यांना साधारण 25-30 च्या पुढे उशीर गेला की ताल सांभाळणं जड जायला लागतं. म्हणजे होतं असं की त्या टोकाचे लोक तुमचं ऐकून गातात, तुम्ही त्यांचं उशिरा आलेलं ऐकून थांबता, ते तुमचं थांबणं ऐकून आणखी रेंगाळतात, आणि तिसऱ्या ध्रुवपदापर्यंत गाणं चिखलात रुतलेलं असतं. मग कोणीतरी भला माणूस म्हणतो की ठेका धरायला काहीतरी पाहिजे बुवा आणि गिटार काढतो. गिटार ही रोगाची खूण आहे, रोग नाही.

तंबूची आणखी एक गंमत, कापडावरून आवाज फारसा परत येत नाही. बुटक्या छताच्या, दगडी भिंतींच्या खोलीत तुमचाच आवाज तुम्हाला भरलेला ऐकू येतो म्हणून माणूस आरामात गातो. तंबूत स्वतःचंच ऐकू येत नाही, मग ताणून गायलं जातं, तासाभरात घसा बसतो, आणि तुमचं ते दीड वाजता सामसूम. झोप आली म्हणून नाही जात लोक, घसा संपतो म्हणून जातात.

गिटारबद्दल मात्र एक तक्रार माझीही आहे. गिटारवाला चांगल्या मनाने विचारतो, "कुठल्या पट्टीत?" आता ज्या बाईने आयुष्यभर डोळे मिटून घशाला जिथे बरं वाटेल तिथून सूर लावलाय तिला पट्टीचं नाव काय विचारता? ती गांगरते, काहीतरी एक सांगते, तो कॅपो (गिटारची पट्टी चढवायचा चिमटा) लावतो, गाणं तिच्या नेहमीच्या जागेपेक्षा एक सूर वर जातं आणि तिसऱ्या कडव्यात वरच्या जागेला आवाज फाटतो. पुढच्या वर्षी ती गात नाही, नुसती ऐकायला बसते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

झीलकरीण

फोनबद्दल मला बोलू द्या, तो माझा हक्काचा विषय आहे.

आधी हे की "बघून गाणं" म्हणजे वाईट असं सरसकट नाही. सेक्रेड हार्पवाले (अमेरिकेतली सामूहिक भक्तिगीतं गाणारी मंडळी) बघा, 1844 पासून त्यांचं छापील पुस्तक आहे, प्रत्येकाच्या हातात असतं, चार आवाजांचे चार गट चौकोन करून एकमेकांकडे तोंडं करून बसतात, मधल्या मोकळ्या जागेत ज्याची पाळी तो उभा राहून हाताने ताल देतो, आणि ऐकणारा असा वेगळा कोणी नसतोच. त्यांना जाऊन सांगा की पुस्तकामुळे गाणं मरतं, कानठळ्या बसवून परत पाठवतील. अमेरिकेत 1988 साली "राइज अप सिंगिंग" हे बाराशे गाण्यांचं, नुसते शब्द आणि कॉर्ड्स असलेलं पुस्तक आलं तेव्हापासून तिथल्या बैठकांत हाच वाद चालू आहे, काहींना त्या पुस्तकाशिवाय जमत नाही आणि काही ठिकाणी ते पिशवीतून काढलं तरी शेजारचे नाक मुरडतात. म्हणजे हे भांडण फोनच्या आधीचं आहे.

फरक असा की पुस्तक असतं तेव्हा सगळ्यांसमोर तेच पान उघडं असतं, फोनवर एकट्यापुरते शब्द असतात. आणि बारकाईने बघा काय होतं, कडवं संपलं, आता ध्रुवपद, खोली श्वास भरून तयार, आणि नेमक्या त्याच क्षणी गाणारा अंगठ्याने स्क्रीन वर सरकवतोय, कारण नेटवर ध्रुवपद एकदाच लिहिलेलं असतं, ते शोधायला त्याला पार वर जायचंय आणि मग पुन्हा खाली येऊन तिसरं कडवं शोधायचंय. त्या अर्ध्या क्षणात चाळीस माणसांची उडी हुकते. पुढच्या वेळी निम्मेच तोंड उघडतात. हनुवटीवर निळा उजेड पडलेला आणि नजर खाली, अशा माणसाकडून खुणा मिळतच नाहीत, त्याच्याबरोबर गायचं म्हणजे अंदाजपंचे.

दुसरं नुकसान जास्त मोठं आहे. नेटवर जो पाठ सगळ्यात वर येतो तोच सगळे गातात. पूर्वी एकाच बॅलडचे (कथागीताचे) तीन जणांकडून तीन पाठ ऐकायला मिळायचे, एकात मुलगी बुडायची, दुसऱ्यात वाचायची, तिसऱ्यात तीच त्याला नदीत ढकलून घरी यायची. आता सगळीकडे ती एकाच रेकॉर्डप्रमाणे त्याच कडव्यात, त्याच हरकतीसकट बुडते.

उत्तररात्र

खर्जातला, पैज जिंकलात. आधी एक जुनी बुटकी खोली होती, भिंतीला टेकून बसायचो, आता मोठा तंबू आहे. मी हे दोन बदल कधी जोडलेच नव्हते.

झीलकरीण, नदीत ढकलणारा पाठ कुठे मिळेल?

पण मग स्वतः रचलेल्या गाण्यांचं काय? ते तर तंबूमुळे नसेल ना झालं.

कॅम्पसाइटवाला

नमस्कार, मी बहुतेक तुम्ही म्हणताय त्या "नवीन लोकां"पैकी. 2021 च्या जानेवारीत टिकटॉकवर शँटीची (खलाशांच्या गाण्यांची) जी लाट आली त्यात सापडलो, लॉकडाउनमध्ये फोनवरच्या अनोळखी लोकांच्या आवाजावर आपला आवाज चढवून गायचो, निर्बंध उठल्यावर म्हटलं खरोखरच्या माणसांबरोबर गाऊन बघू. तर पहिल्या रात्री काय झालं ते जरा दुसऱ्या बाजूनेही ऐका.

आत गेलो तर एक खुर्ची रिकामी, बसलो, तर शेजारून कळलं की ती अमुक एकांची आहे. बरं. उठलो, मागे उभा राहिलो. तासाभराने धीर करून एक गाणं सुरू केलं, खोली एकदम गार पडली, कोणी साथ देईना, नंतर एका आजोबांनी बाजूला घेऊन सांगितलं की ते गाणं त्या दुसऱ्या आजोबांचं आहे आणि ते खोलीत असताना दुसरं कोणी गात नाही. मला कसं कळणार हो? कुठे लिहिलंय? कोणी सांगितलं नव्हतं, आणि "काळजी नको, दुसरं गा" असंही कोणी म्हटलं नाही. तुम्ही म्हणता नवीन लोक स्वतःचं रचलेलं का गातात. त्याचं एक सरळ कारण हे, की स्वतःचं गाणं दुसऱ्या कोणाचं निघायची भीती नसते!!

आणि फोन का धरतो तर चुकलो की समोरच्या रांगेतून तीन जण एकदम ओठ हलवून दुरुस्ती करतात म्हणून.

मग आम्ही काही जण मुक्कामाच्या तंबूंच्या रांगांमध्ये खाली बसून गायला लागलो. टेक्सासमध्ये केरव्हिलला 1972 पासून फेस्टिवल होतो तिथे असंच चालतं म्हणे, रान्चवर मुक्काम आणि शेकोट्यांभोवती रात्रभर गाणी, आणि तिथे तर स्वतःचं गाणं आणणं हाच मान आहे, सगळा फेस्टिवलच गाणी लिहिणाऱ्यांचा. म्हणजे स्वतःचं गाणं हे बिघडल्याचं लक्षण नाही, ते वेगळ्या घराण्याचं आहे आणि चुकून तुमच्या खोलीत शिरलंय. आमच्याकडे दोन्ही चालतं. पहाटेपर्यंत चालतं, उत्तररात्र. तुम्ही दीड वाजता झोपायला जाता तेव्हा आमची निम्मी गाणी व्हायची असतात, फक्त ती तुम्हाला ऐकू येत नाहीत.

झीलकरीण

कॅम्पसाइटवाला +1, खुर्चीचं वाचून लाज वाटली, आमच्याकडेही अशी एक खुर्ची आहे.

"त्यांचं गाणं" हा प्रकार मात्र एकदम निकालात काढू नका. आमच्या बैठकीत एक गृहस्थ होते, बोलायला अगदी मोजके, गायचे एकच लांबलचक गाणं, त्यात एका ठिकाणी ते मात्रेपेक्षा बरंच जास्त थांबायचे आणि सगळी खोली त्यांच्याबरोबर थांबायची, नवीन माणूस हमखास तिथे एकटाच पुढे जायचा आणि हसू पिकायचं. ते गेले. पुढच्या वर्षी ते गाणं कोणी गायचं ह्यावर कोणी काही बोललं नाही, वर्षभर गायलंच गेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एका मुलीने गायलं, तिने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, कोणाच्या तरी रेकॉर्डिंगवरून उचललेलं, आणि ती नेमकी त्या जागी थांबली. तेवढीच. आता सगळेच थांबतात आणि नवीन येणाऱ्यांना वाटतं की गाण्यातच ते तसं आहे. तर फोनने हेही केलंय, हे माझ्या तक्रारीच्या विरुद्ध जातं पण सांगायला हवं.

फक्त ते गृहस्थ असतानाच कोणीतरी तिच्यासारखीला शेजारी बसवून शिकवलं असतं तर वर्षभर खाडा पडला नसता. मालकी ठीक आहे, पण वारस नेमा की.

चावीवाली

बऱ्याच उशिरा येतेय पण माझी बाजू आलीच नाही कोणाकडून. मी एका फेस्टिवलची स्वयंसेवक आहे, रात्री हॉल बंद करून चावी जागेवर नेऊन ठेवणारी ती मी. त्यामुळे तुमच्या त्या उजाडेपर्यंतच्या बैठका मी खुर्च्या रचत रचत ऐकल्यात.

वेळेचं गणित तुमच्या हातात नाही आणि आमच्याही नाही. इंग्लंडचं उदाहरण घ्या, तिथे 2012 च्या लाइव्ह म्युझिक ॲक्टनंतर बिनमाइकच्या गाण्याला सकाळी 8 ते रात्री 11 वेगळा परवाना लागत नाही, उत्तम सोय झाली, पण आपली बैठक सुरूच होते अकरानंतर! मग त्या जागेचा परवाना काय म्हणतो, विमा काय म्हणतो, शेजारच्या घरांतले लोक काय म्हणतात ह्यावर सगळं ठरतं. आधी हे कोणी विचारायचं नाही कारण बैठक कागदावर नव्हतीच. वीस माणसं उरली होती आणि गात होती एवढंच.

आणि माझ्या मते सगळा बदल तिथूनच सुरू झाला, बैठक कार्यक्रमपत्रिकेत छापली गेली तेव्हापासून. ज्या वर्षी पहिल्यांदा "11:30 ते 1, सर्वांसाठी गाणं" असं छापलं त्या रात्री लोक आले आणि खुर्च्या रांगेत लावून समोर बघत बसले. वाट बघत होते की कोण गाणार. टाळ्या वाजवल्या प्रत्येक गाण्यानंतर! त्याआधी कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, पुढचं गाणं सुरू करणं हीच दाद असायची. एकदा श्रोते तयार झाले की गाणारा कलाकार होतो, कलाकार झाला की त्याला चुकायची भीती वाटते, चुकायची भीती वाटली की फोन लागतो, आणि कलाकाराला गिटार तर लागतेच. कोणाचीच चूक नाही, पण रांगेतल्या खुर्च्या ही फार वाईट गोष्ट आहे.

पाळीचं पण सांगते. पाळी ही न्यायाची गोष्ट आहे, लाजाळू माणसाला तिच्यामुळेच संधी मिळते, म्हणून छोट्या बैठकीत मी पाळीच्या बाजूने आहे. पण चाळीस माणसं आणि एका गाण्याला चार मिनिटं म्हणजे एक फेरी व्हायला 160 मिनिटं, दोन तास चाळीस मिनिटं. हॉल दीड तासासाठी आहे. म्हणजे निम्म्या लोकांचा नंबर लागणारच नाही आणि ज्यांचा लागला त्यांचं काम झालं, बसतील कशाला? वीसच्या वर माणसं गेली की पाळी बंद, ज्याला सुचेल त्याने उचलायचं, आणि एकाने कोणीतरी नजर ठेवायची की तेच चार जण पुन्हा पुन्हा उचलत नाहीयेत. पाळी ठेवायचीच असेल तर "गा, फर्माइश कर किंवा पुढे दे" अशी ठेवा, फर्माइशीमुळे न गाणाऱ्यालाही काम राहतं आणि जुनी गाणी बाहेर येतात.

आम्ही करून बघितलेलं आणि टिकलेलं एवढंच : खुर्च्या दोन गोलांत, एकात एक, मध्ये जागा कमी. एका मोठ्या जागेऐवजी दोन लहान. आणि जो बैठक चालवतो त्याने पहिलं गाणं सगळ्यांना येणाऱ्या ध्रुवपदाचं गायचं, स्वतःचं नवीन नाही. ह्या शेवटच्यावर आमच्याकडे बरंच मानापमान नाट्य झालं, ते जाऊ दे.

जुनं खोड

बैठकीचा "मूळ" प्रकार बिघडला असा सूर दिसतोय म्हणून थोडं पाणी ओततो.

मूळ कुठलं? पबमध्ये बसून वाजवायची आयरिश सेशन, जी लोकांना अनादि काळापासूनची वाटते, ती दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला कामासाठी गेलेल्या आयरिश लोकांनी वाढवली, त्याआधी ते संगीत जास्त करून घरांत आणि नाचांना असायचं. फ्ला क्योल हा आयरिश संगीताचा मोठा मेळावा 1951 सालचा. इंग्लंडमधला सिडमथचा फेस्टिवल 1955 ला सुरू झाला तो लोकनृत्याचा म्हणून, गाणं नंतर आत आलं, आणि तिथेही फेस्टिवलच्या आठवड्यात पबमध्ये दाटीवाटीने जे गाणं चालतं त्याची कीर्ती काही स्टेजपेक्षा कमी नाही. म्हणजे आपण जिला परंपरा म्हणतोय ती फार तर दोनतीन पिढ्यांची आहे आणि ती बनवणारेही त्यांच्या वेळचे नवखेच होते. त्यांच्यातही भांडणं होती. इवन मॅकॉल ह्या ब्रिटिश लोकगायकाच्या लंडनमधल्या क्लबात नियम होता की स्टेजवर गाणाऱ्याने आपल्या मुलखातलीच, आपल्या भाषेतलीच गाणी गायची. ते ऐकून तेव्हाही लोक चिडून उठून गेले असतीलच की.

नवीन गाण्याला ध्रुवपद नसतं हे म्हणणं अर्धवट आहे. एस्टोनियात 1988 च्या जूनमध्ये तालिनला ओल्ड टाउन डेज उत्सव चालू होता, रात्रीचा कार्यक्रम संपल्यावर लोक घरी जायचे सोडून चालत गाण्याच्या मोठ्या मैदानावर गेले आणि रात्रभर गात राहिले, पुढच्या रात्री त्याहून जास्त आले. सोव्हिएत राजवटीतून स्वतंत्र व्हायच्या त्यांच्या चळवळीला सिंगिंग रेव्होल्यूशन म्हणतात ते नाव त्या रात्रींवरून पडलं. कार्यक्रमानंतरचंच गाणं की ते! आणि त्यात जुन्या गाण्यांबरोबर त्याच वर्षी बांधलेली ताजी गाणीही होती, हजारो लोक एकत्र गात होते. गाणं नवीन की जुनं हा प्रश्न नाही, चाल चौघांना उचलता येते का हा आहे. खर्जातलाचं 60 मिलिसेकंदांचं गणित तिथे कसं लागू करायचं ते त्यानेच सांगावं 😄

आणि दोन गोष्टी कोणीच म्हणाल्या नाहीत. एक म्हणजे धूर. आयर्लंडमध्ये 2004 ला आणि इंग्लंडमध्ये 2007 ला पबमधली सिगरेट बंद झाली. घशाला सुटका मिळाली, पण ओढणारे सगळे दाराबाहेर गेले आणि बाहेर गेलेले लोक तिथेच गायला लागले, बऱ्याच ठिकाणी दुसरी बैठक अशी दारात जन्मली.

दुसरी म्हणजे आपलं वय, जे कोणाला ऐकायचं नसतं. वरच्या जागा जातात. बायकांचा आवाज उतारवयात खाली येतो, पुरुषांचा म्हातारपणी उलट थोडा वर चढतो. आमच्या मंडळींनी तीच गाणी हळूहळू खाली उतरवत आणलीत, रोज थोडं थोडं उतरल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. आता विशीतली पोर येते आणि ध्रुवपदात तिचा आवाज पार तळाला जाऊन पुटपुटतो, वरून घ्यावं तर फार वर. ती गात नाही म्हणून आपण म्हणतो नवीन लोकांना साथ देता येत नाही. एकदा वरच्या पट्टीत तिला सुरू करू द्या आणि आपण खालून धरा, मग बघा.

खर्जातला

जुनं खोड, आव्हान स्वीकारलं 😄 मैदानावर लाउडस्पीकर होते आणि मंचावरून वाद्यांचा ठेका होता, म्हणजे सगळ्यांना मोजायला एकच जागा. बिनमाइकच्या तंबूत तशी जागा नसते. म्हणूनच म्हणतो, मोठी जागा घेतलीत तर ठेका देणारं काहीतरी मधोमध हवं, एका टोकाला नको. गिटारवाल्याला हाकलू नका, मध्यभागी बसवा.

पट्टीचं मात्र शंभर टक्के पटलं.

सूरदूर

छोटीशी भर. तब्येतीमुळे मला फेस्टिवलला जाता येत नाही, लॉकडाउनमध्ये झूमवर बैठका सुरू झाल्या तेव्हा कित्येक वर्षांनी गायला मिळालं. झूमवर एकत्र गाताच येत नाही, आवाज यायला इतका उशीर होतो की दोघं गायले तरी गोंधळ, म्हणून एकटा गातो आणि बाकीचे म्यूट करून आपापल्या घरी साथ देतात, ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. त्यामुळे लोकांनी ध्रुवपदाची गाणी सोडली आणि लांब कथागीतं काढली, कारण तिथे तीच खुलतात. त्यातले बरेच जण दोन वर्षांनी खोलीत परत आले ते ही सवय घेऊनच. उत्तररात्रना जे जाणवतंय त्यात ह्याचाही थोडा हात असणार.

आमची झूमवरची बैठक अजून चालू आहे. कमी लोक असतो. इथल्यांनी कधीतरी डोकवा, खुर्ची कोणाची नसते तिथे.

उत्तररात्र

एवढं येईल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. मी गिटारवर डूख धरून बसलो होतो पण चावीवाली ताईंची साखळी (छापणं, श्रोते, कलाकार, फोन, गिटार) वाचून आमच्याकडची क्रमवारी आठवली, अगदी तशीच झाली होती.

ह्या वर्षी आयोजकांशी बोलणार आहे, ती जुनी बुटकी खोली अजून आहे, हल्ली तिथे सामान ठेवतात. चावीवाली ताई, दोन प्रश्न. पत्रिकेत छापू नका म्हटलं तर नवीन लोकांना कळणार कसं? मग पुन्हा कॅम्पसाइटवाल्यासारखं होणार, ज्याला माहीत तोच आत. आणि तंबूतली बैठक बंद करायची का?

चावीवाली

तंबू बंद नका करू, लोकांना तो आवडतो म्हणूनच भरतो. तिथे गिटार, स्वतःची गाणी, टाळ्या, सगळं चालू द्या. खोली वेगळी.

छापा, पण वाक्य बदला. आम्ही "सर्वांसाठी गाणं" काढून "ऐकायला नव्हे, गायला या, ध्रुवपद येत नसेल तर शिकवू" असं केलं, निम्मे लोक तिथेच गळले आणि जे आले ते तोंड उघडायच्या तयारीने आले. दारात एक जण उभा ठेवा जो नवीन माणसाला नाव विचारून आत जागा करून देईल. आणि सामान आधी हलवून घ्या, त्या रात्री हलवू म्हणालात तर कोणी हलवत नाही, अनुभवाचे बोल.

कॅम्पसाइटवाला

उत्तररात्र, दारात उभं राहायला मी येतो, तुमचा फेस्टिवल कुठला ते व्यनित कळवा. दोन अटी आहेत. एक तास तुम्ही सगळ्यांनी आमच्या रांगेत खाली बसायला यायचं, गुडघ्यांच्या गोळ्या घेऊन या. आणि त्या आजोबांना विचारून ठेवा की ते गाणं मला शिकवतील का, मला त्याचं चौथं कडवं अजून कुठेच सापडलेलं नाहीये.